पंचवीस मिनिटं

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

वैराळ मावशी गेल्या!

सकाळी सहा दहाला अक्कानं हलवून उठवलं — "हनमंता, ऊठ. डाक्टरमावशी गेली रं." मोबाईल तिच्या हातातच. माझी थोरली बहीण, सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, पण दिवसभर त्या मोबाईलवर कीर्तनं बघते, नातवंडांना तोंड दाखवून बोलते. गावातली मयत हिला माझ्या आधी कळते.

मावशींचं वय एक्क्याऐंशी. संगमनेर तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. बाजारपेठ आपण होऊन बंद राहिली, कुणी सांगायला गेलं नव्हतं. स्थानकासमोर दुपारच्या आत फ्लेक्ससुद्धा लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली एकवीस जणांचे हसरे फोटो! मावशींचा फोटो त्यांच्यात शोधावा लागतो.

उद्या सकाळपासून शाळेच्या मैदानावर अंत्यदर्शन. चार वाजता अंत्ययात्रा. अक्का म्हणते जायचंच. मी म्हटलं, "मेलेल्या माणसाचं तोंड बघून काय मिळतं गं?" तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी उठून गॅलरीत गेलो.

ज्योतीला कळलं असेल. माझी लेकही मावशींच्याच हातची. त्या दिवशी मी एसटी स्थानकावरची ड्युटी संपवून दवाखान्यात पोचलो तर मावशी म्हणतात कशा — "कंट्रोलर, पोरगी वेळेवर आली आणि बाप लेट!" माझी बायको भागी खाटेवर हसून हसून रडली होती.

भागीला जाऊन सव्वा वर्ष होत आलं. ज्योती नगरला, सावेडीत. तिनं सम्राटशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली. मुलगा चांगला, नोकरी चांगली — पण बौद्ध. मी दार लावून घेतलं. मावशीही बौद्धच होत्या. भागीनं ते एकदाच ऐकवलं होतं — "ज्या हातांनी लेक भाईर काढली, तवा त्या हातांची जात इचारली व्हती का तुमी?" मी ताटावरून उठलो होतो.

बास. उद्या सकाळी आठला निघायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आठला नाही, आठ चाळीसला निघालो. अक्काचे गुडघे!

रांगेचं शेवटचं टोक सापडायलाच वीस मिनिटं गेली. मैदानातून निघून बाजारातून, स्थानकावरून, पार पुलाच्या अलीकडपर्यंत. एवढी माणसं मी दिवाळीच्या गर्दीतही कधी पाहिली नव्हती. अक्का एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "तू जागा धर. पुढं गेलास का मला हाक मार." म्हणजे मी उभा होतो तो अक्काची जागा धरून. लोकांना दर्शन, मला ड्युटी. मला काही मावशींना बघायचं नव्हतं. हे इथं लिहून ठेवतो, कारण नंतर जे झालं ते मलाही नीट कळलेलं नाही.

सवय जात नाही. बत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली निम्मी कंट्रोलरच्या खुर्चीवर. मोजायला लागलो. दर्शन घेऊन परत येणारी माणसं मिनिटाला अकरा. पुढं चार हजाराला कमी नाहीत. म्हणजे सहा तास! शेजारच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आसू द्या की."

शेजारचा म्हणजे सहादू. राजूरच्याही वरच्या वाडीतला, माझ्याच वयाचा, अंगात बंडी, छातीशी कापडी पिशवी. पहाटेच्या पहिल्या गाडीनं उतरलेला. मी विचारलं, पिशवीत काय? तर तांदूळ. "बायकूला झोळीत घालून रस्त्यापातुर आनली व्हती, एकोननव्वद साली. दोघं वाचली. तवापासनं दरसाल नवा तांदूळ झाला का मावशीला आनून द्यायचो. औंदा कांडायला उशीर झाला. म्हनलं पुढल्या हप्त्यात जाऊ." मग परत म्हणाला, "पुढल्या हप्त्यात!"

"आता त्याचं काय करणार?"

"काय न्हाई. दावनार."

मी येरझाऱ्या घालणारा माणूस, पण रांगेत येरझाऱ्या घालता येत नाहीत. मग लोकांना विचारत बसलो — का आलात? मागची बाई म्हणाली, तीन बाळंतपणं. पुढं एक कॉलेजची पोरगी, तिची आई अंथरुणाला खिळलेली. आईनं बजावून पाठवलेलं — माझ्या वतीनं पाया पड आणि माझं नाव सांग. कोणाला सांगणार नाव? पोरगी म्हणे, "मावशींनाच." एक जाडजूड गडी म्हणाला, "सगळा गाव हितं हाय, मी एकटा घरी काय करू?" मला त्याचंच उत्तर सगळ्यात खरं वाटलं. कुणीतरी पाण्याचे जार आणून ठेवले होते. एक पोरगं रांगेचे फोटो काढत होतं, त्याला मागच्या बाईनं असा काही झापला की बिचाऱ्यानं मोबाईल खिशात घालून गुपचूप रांग धरली.

दीडच्या सुमारास मैदानात शिरलो. आत बांबू बांधून रांग नागमोडी फिरवलेली. दोन वाजता भोंग्यावर सूचना झाली. लिहून ठेवतो, शब्द न शब्द आठवतोय —

"अंत्ययात्रेची वेळ चारची होती. पण गर्दी फार आहे. मावशींच्या चिरंजीवांनी सांगितलंय, शेवटच्या माणसाचं दर्शन झाल्याशिवाय मावशींना हलवणार नाही. लांबून येणाऱ्यांनी काळजी करू नये. थांबलेलो आहोत."

माझ्या मनात पहिलं काय आलं? चार म्हणजे चार पाहिजे! अशानं दहा वाजतील! तोंड उघडलंही होतं सहादूला सांगायला.

आणि भोंग्यावरचंच वाक्य परत ऐकू आलं. लांबून येणाऱ्यांनी काळजी करू नये. थांबलेलो आहोत.

आमच्यात रीत आहे — लेक पोचल्याशिवाय आईला हलवत नाहीत. बर्फाच्या लाद्या आणतात, पण थांबतात. सगळ्या गावाला माहीत असतं, कुणी विचारत नाही का थांबलो म्हणून.

एकवीस नोव्हेंबरला भागी पहाटे गेली. ज्योतीला मी फोन केला नाही, अक्कानं केला, तोही अकरा वाजता, मला चोरून. नदीवर पाच वाजता अग्नी द्यायचा ठरला होता. कोल्हारच्या पुलावर उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला, गाड्या तुंबल्या. पावणेपाचला घाटावर अक्का माझ्याजवळ आली — "पोर लोणी सोडून निघालीय रं. जरा दम धर." बायका घाटावर येत नाहीत, ती आली होती. मी घड्याळात बघितलं. म्हटलं, "पाच म्हणजे पाच. आमदारासाठी गाडी धरून ठेवली नाही मी कधी." मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे खाली बघायला लागले.

पाचला अग्नी दिला. पाच पंचवीसला ज्योती आली. चपला हातात, पायऱ्यांवरून पळत. ज्वाळा वरपर्यंत गेल्या होत्या. ती लांबच थांबली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली — "नाना, पंचवीस मिनिटं." आणि मागे वळली. त्यानंतर सव्वा वर्ष बोललेली नाही.

आणि वेळेचं तरी काय घेऊन बसलोय! निदान इथं तरी खरं लिहावं. सम्राट गावासमोर माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहील, जावई म्हणून, याची मला लाज वाटत होती. म्हणून मी घड्याळ पुढं केलं. घड्याळाचा काही दोष नव्हता.

इथं या चार हजार परक्या माणसांसाठी एक मुलगा आईला धरून थांबला होता. मी एका लेकीसाठी थांबलो नाही. रडायला लागलो. बोंबलून म्हणावं तसं. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, रांगेत! भागीच्या वेळीसुद्धा नाही.

सहादूनं पिशवी एका हातात घेतली आणि दुसरा माझ्या पाठीवर ठेवला. "लई जवळची व्हती का तुमची?"

"व्हय," म्हटलं.

"मंग रडा. रांग हाय तवर रडून घ्या. घरी गेल्याव कुनी रडू देत न्हाई."

आता पुढचं. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. नागमोडी रांगेत शेजारची ओळ उलट दिशेनं सरकते, पुढचे आणि मागचे समोरासमोर येतात, मध्ये फक्त बांबू. मी धोतरानं तोंड पुसून वर बघितलं तर समोर ज्योती. हातभर अंतरावर! कडेवर दोन वर्षांची पोर. माझी नात. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. भागी चोरून बघून आली होती, मला उशिरानं कळलं होतं. कपाळ भागीचंच.

ज्योती माझ्याकडे बघत होती. नजर काढली नाही. माझे डोळे सुजलेले तिनं पाहिले असणार. एक शब्द पुरला असता. नुसतं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

मी घड्याळात बघितलं.

दोन सत्तेचाळीस. रांग सरकली. ती त्या बाजूला, मी या बाजूला. पुढच्या वळणावर परत समोर येणार म्हणून मी तोंड दुसरीकडं करून उभा राहिलो. भित्रा! सत्तर गाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांवर ओरडणारा हनुमंत कंट्रोलर!

अक्का तोवर पायरी-पायरीनं फाटकापाशी येऊन बसली होती, तिला हाक मारली. ती माझ्या खांद्याला धरून पुढं आली. मावशींना पांढऱ्या साडीत ठेवलं होतं, भोवती मेणबत्त्या. तोंड लहान झालेलं. अक्का म्हणाली, "जा बाई सुखानं, लई दमलीस." सहादूनं पिशवीचं तोंड उघडून तांदूळ दाखवला, खरंच दाखवला, आणि परत बांधला. मी तोंडाकडं बघितलंच नाही. हात बघितले. उघडे होते, पोटावर ठेवलेले. बोटं वाकडी झालेली. पोलीसबाई म्हणाली, "चला बाबा, पुढं सरका, मागं लोक हायेत." मी हेच वाक्य आयुष्यभर लोकांना म्हणत आलो. सरकलो.

बाहेर फाटकापाशी थांबावं असं वाटलं. अजून अर्ध्या तासात ती बाहेर आली असती. अक्का म्हणाली सुद्धा, "बसू का हितं जरा?" मी रिक्षा केली.

अंत्ययात्रा सहा चाळीसला निघाली. दोन तास चाळीस मिनिटं लेट. कुणाची तक्रार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

कपाटातून पाकीट काढलं. खाकी गणवेशाच्या खाली ठेवलेलं असतं.

भागीचा शेवटचा फोटो. घरातून उचलायच्या आधी फोटोवाला एक काढतो, तसा. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कपाळभर मळवट. झोपल्यासारखी दिसते. मी तो एकच काढून घेतला होता, ज्योतीसाठी. दहाव्याला देईन म्हटलं, ती दहाव्याला आली नाही. वर्षश्राद्धाला देईन म्हटलं, मी बोलावलंच नाही. पोस्टानं पाठवायचं दोनदा मनात आलं. आईचं तोंड पोस्टानं पाठवतात का?

लेकीला आईचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. माझ्यामुळं. आणि ते तोंड माझ्या कपाटात, गणवेशाखाली, सव्वा वर्ष!

जायचं. उद्या रविवार, दोघंही घरी असतील. सव्वासातची नगर गाडी.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. म्हणजे स्थानकापर्यंत गेलो. गाडी लागलेली होती. नवीन कंट्रोलरनं ओळखलं, "या साहेब, बसा साहेब, कुठं निघालात?" कुठं नाही, सहज आलो म्हटलं. सव्वासातची गाडी सात बावीसला सुटली. मी त्याला गाड्या वेळेवर सोडण्याबद्दल दहा मिनिटं ऐकवलं आणि घरी आलो. नरडीचा घोट घ्यावासा वाटतो स्वतःच्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज अक्का मोबाईलवर परत तीच रांग बघत बसली होती. कुणीतरी वरून, ड्रोननं काढलेली. एवढी माणसं! मी विचारलं, "का गं उभे राहत असतील एवढे तास? त्या बाईला काय कळणार आहे?"

अक्का म्हणाली, "मेलेल्याला काय कळतंय? जित्याला दिसावं म्हून जात्यात. कोन आलं न् कोन न्हाई, ते जितंच ध्येनात ठिवतंय."

म्हणजे हजेरी! गावकीची हजेरी, आणखी काय. मी तसं बोलून दाखवलं. अक्का म्हणाली, "तुला बत्तीस वर्सं निस्ती गाड्याच दिसल्या बाबा. आत बसलेलं मानूस न्हाई दिसलं." आणि मोबाईल घेऊन आत गेली. हल्ली ही असं टाकून बोलते. ऐकून घेतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नातीचं नावसुद्धा मला माहीत नाही. अक्काला विचारायची लाज वाटते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. पंकजा.

अक्कानं नाव सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर घेतला. मी बाहेरून बघितलं. मग तिनं शेंगदाण्याचे लाडू करायला घेतले, मी काही बोललो नव्हतो तरी. डब्यात भरून माझ्या पिशवीशेजारी ठेवले. "मी येऊ का बरुबर?" म्हणाली. नको म्हटलं. हे माझं मला उभं राहून करायचंय, जागा धरायला कुणी नको.

काय बोलायचं ते पाठ करतोय. "ज्योती, हा तुझ्या आईचा. तुला बघू दिलं नाही मी." एवढंच. माफ कर म्हणायचं नाही, ते फुकट मागितल्यासारखं होतं. फोटो द्यायचा, तिनं दार लावलं तर लावू द्यायचं. परतीची शेवटची गाडी सहाला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार. सावेडी

सम्राटनं दार उघडलं. "या, नाना," म्हणाला. नाना! पोर त्याच्या पायामागून बघत होती.

ज्योती आतून आली, हात ओले. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. पाकीट नुसतं पुढं केलं. तिनं फोटो काढला, बराच वेळ बघितला, बोटानं मळवटावरून हात फिरवला.

"हे मी पाहिलंय, नाना," ती म्हणाली. "आत्यानं मोबाईलवर दाखवलं होतं तेव्हाच. साडी नेसवताना, बांगड्या भरताना, सगळं. कोल्हारच्या पुलावर गाडीत बसून पाहिलं मी आईला. पोटभर."

मी विचारलं, "मग तशी पळत कशाला आलीस गं?"

"तुम्ही एकटे होतात म्हणून."

सहाची गाडी गेली. जाऊ दिली.